जोड माझाच आहे

कोन्ताजें, १८ मार्च २०१८

जांदिरदादा,

पत्ता आईने दिलेला नाही. तिच्या शिवणाच्या डब्यात तुझं पाकीट होतं, त्याच्या मागून मी तो उतरवून घेतला. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. त्याआधी फोन केला होता. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्र निदान अर्ध्यावर ठेवून देता येत नाही असं लिहिणार होते, पण तेही येतंच म्हणा.

इकडे सगळं ठीक आहे. आई अजून त्याच कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. गुडघा दुखतो, पण रजा घ्यायचं नाव काढत नाही. रविवारी चीजचे गोळे भाजते आणि दर वेळी चार जास्त करते. ते चार मीच संपवते, कारण टेबलावर उरलेले तिला पाहवत नाहीत. तुझ्या दुकानाच्या जागेत आता एक केस कापणारा बसतो. माणूस बरा वाटतो.

माझं इंजिनीअरिंगचं पाचवं वर्ष सुरू झालं. वर्षभर बंद ठेवलेला आमचा शर्यतीची गाडी बनवणारा संघ विद्यापीठाने पुन्हा सुरू केलाय. ताइना बरी आहे. डाव्या मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत, दाराची मूठ अजून पूर्ण फिरवता येत नाही, पण आता तीच संघाची कप्तान. परवा मला म्हणाली, "मालू, माझ्या हातात तुझ्या गाडीपेक्षा जास्त लोखंड आहे." सगळे हसले. मीही हसले.

त्या अहवालाबद्दल एवढंच लिहायचंय की तो समितीने लिहिला. 'अपघाताचं कारण : वेल्डिंगमधला दोष' हे शब्द माझे नाहीत. मी तेव्हा तिसरं वर्ष नुकतंच संपवलेली मुलगी, तीन प्राध्यापकांपुढे माझं काय चालणार? आणि तूच तर सगळ्यांसमोर म्हणालास, "जोड माझाच आहे." त्यानंतर मी काय बोलायला हवं होतं?

मानाउसला म्हणे फार उकडतं. नदीकाठच्या कारखान्यात, बोटींच्या लोखंडी पोटात शिरून वेल्डिंग करत असशील तर दुपारी काय होत असेल तुझं. पाणी पीत जा.

तुझी,
मार्लुसिया

—

कोन्ताजें, १० जून २०१८

दादा,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण मागच्या पत्रातलं एक वाक्य मला बोचत राहिलंय. मी तुलाच विचारलं होतं, मी काय बोलायला हवं होतं म्हणून. ते तुला ठाऊक होतं आणि मलाही. तरी लिहिलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी आज क्रमाने लिहिते. मी हे आजवर कुणालाच क्रमाने सांगितलेलं नाही. दर वेळी मधला एखादा तुकडा गाळते, आणि आता गाळलेल्या जागा माझ्या मलाच सापडेनाशा झाल्यात.

गाडीचा सांगाडा आखायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा विभागातला जुना वेल्डर निवृत्त झाला होता. क्लोविस सरांनी वर्गात विचारलं, कुणाच्या ओळखीत चांगला वेल्डर आहे का? मी हात वर केला. मला किती अभिमान वाटला होता, दादा. बाबा गेल्यावर तू शाळा सोडून ग्राइंडर हातात घेतलास, मला प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला घातलंस, आणि आता मी तुला त्याच विद्यापीठात घेऊन चालले होते.

दोन महिने रोज दुकान बंद करून तू संध्याकाळी यायचास. पहिल्याच आठवड्यात क्लोविस सर वाकून तुझा जोड बघत उभे राहिले आणि सगळ्यांना हाक मारून म्हणाले, "इकडे या. असा जोड पुस्तकात असतो." मग तुला बाजूला घेऊन म्हणाले, कार्यशाळेतली कायमची जागा रिकामी आहे, मार्चची स्पर्धा होऊ दे, मी तुमच्यासाठी पत्र देतो. दुसऱ्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून निघालास. आई म्हणाली, "वेल्डिंगला चाललास की लग्नाला?"

ती नळी तू त्याच आठवड्यात हातात घेतली होतीस. पुढच्या चाकाला धरणारा दांडा सांगाड्याला जिथे लागतो, ती आडवी नळी. आधी सगळ्या नळ्यांची भिंत दीड मिलिमीटरच्या वर होती. वजन कमी करायला मी तिथे एक मिलिमीटरहून पातळ नळी मागवली. नियमात बसत होतं. तू ती नखाने वाजवलीस.

"ही फार पातळ आहे गं. टाका बसेल, पण टाक्याच्या शेजारी नळी भाजून निघते. तिथून जाईल ती. एक तिकोनी पट्टी लावू या."

"वजन वाढेल, दादा."

"मूठभर."

"हिशेबात बसतंय. कॉम्प्युटरवर तपासलंय मी."

"बरं बाई. इंजिनीअर तू," म्हणालास आणि तोंडावरची काच खाली ओढलीस. आजूबाजूला कुणी नव्हतं. हे फक्त आपल्या दोघांना माहीत.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी गाडी नुसती बघतात, आखणी तपासतात. आमची गाडी सगळ्यांत हलकी निघाली. आखणीचं पहिलं बक्षीस मी घेतलं. तुला फोन केला तर तुझ्या मागे दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना तू ओरडून सांगितलंस, माझी बहीण पहिली आली म्हणून.

दुसऱ्या दिवशी चार तासांची शर्यत. तिसऱ्या तासाला ताइना चालवत होती. मातीच्या उंचवट्यावरून गाडी उडाली आणि खाली येताना डावं चाक आधी टेकलं. मी कुंपणाशी होते. चाक आत दुमडताना मला दिसलं, मग गाडी दोनदा उलटली. मी पोचले तेव्हा ताइना सीटच्या पट्ट्यात लटकत होती. हात भलत्याच दिशेला वळलेला. ती मला म्हणाली, "गाडीला काय झालं, मालू? मी काही चुकले का?"

तू काही चुकली नाहीस, एवढंही मला तेव्हा म्हणता आलं नाही.

तिला नेल्यावर मी गाडीपाशी परत गेले. टाका अख्खा होता, दादा. तसूभरही हलला नव्हता. नळी फाटली होती, टाक्याच्या कडेला लागून, तू म्हणाला होतास तिथेच. लांबून पाहणाऱ्याला वाटेल की जोडच तुटलाय.

समितीपुढे आधी मला बोलावलं. तू बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होतास. समितीत क्लोविस सरही होते. त्यांनी विचारलं, आखणीत काही चूक असू शकते का? मी म्हटलं, भार तपासलेत, सर. मग कुठे तुटलं? मी म्हटलं, जोडाजवळ. यात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "वेल्डरने कधी काही शंका काढली होती?"

मी म्हणाले, "नाही."

हे तुला माहीत नव्हतं. आज सांगते.

नंतर तुला आत घेतलं. तुझ्याकडे वेल्डरचा परवाना आहे का, हे विचारलं. नव्हता. मग टेबलावरचा तुकडा तुझ्या हातात दिला आणि विचारलं, हे तुमचंच काम का? तू तो फिरवून फिरवून पाहिलास. मग माझ्याकडे पाहिलंस. मी खालच्या फरशीकडे बघत होते. म्हणून तू म्हणालास ते मी ऐकलं, पण म्हणताना तुझा चेहरा कसा होता ते मला ठाऊक नाही.

मार्लुसिया

—

कोन्ताजें, १२ ऑगस्ट २०१८

दादा,

अजून एक राहिलंय. गेल्या खेपेला ते लिहायचंच ठरवलं होतं, पण तुझ्या चेहऱ्यापाशी पत्र संपवलं. संपवायला ती जागा सोयीची होती.

मला माहीत होतं. तू पट्टी लाव म्हणालास तेव्हा नव्हतं. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी कळलं.

कॉम्प्युटरवर मी गाडी उडवून खाली आणली होती, पण दोन्ही चाकं एकदम टेकतील असं धरून. म्हणजे भार अर्धा-अर्धा. आखणीच्या अहवालाची प्रत पुन्हा चाळताना सहज मनात आलं, एकच चाक आधी टेकलं तर? पुन्हा चालवून पाहिलं. पडद्यावर सगळा सांगाडा निळा-हिरवा आणि ती एक नळी लालभडक, म्हणजे मोडणार. दहा मिनिटं मी तिच्याकडे बघत बसले. शेजारच्या टेबलावर दोघं जण गाडीचा नंबर रंगवत होते आणि चेष्टा चालली होती.

नळी बदलायची तर पुढचा अर्धा सांगाडा कापावा लागला असता. तुझी तिकोनी पट्टी लावली असती तरी भागलं असतं. एका संध्याकाळचं काम होतं. पण अहवाल गेला होता, रंग झाला होता, वजनाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. आणि तुला सांगायचं म्हणजे 'तू बरोबर होतास' असं म्हणावं लागणार होतं. खरं सांगू? त्या दिवशी मला जास्त जड तेच गेलं. मी शिकून तुझ्यापुढे गेले होते ना.

मी ती फाइल पुसून टाकली. एका चाकावर कोण कशाला पडेल, म्हटलं.

पुढचं तू पाहिलंसच. 'ज्याच्या वेल्डिंगमुळे त्या मुलीचा हात मोडला' असं आपल्या गल्लीत बोललं जाऊ लागलं. ट्रकवाले यायचे थांबले. शेवटी शेवटी खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा कुणी करायला देईना. सरांच्या पत्राचं नाव निघालं नाही. गेल्या वर्षी जुलैत तू दुकानाला कुलूप लावलंस. मी बस-स्थानकावर आले होते. तू आईला मिठी मारलीस आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास, पण एक शब्द बोलला नाहीस. मी घरी येऊन परीक्षेचा अभ्यास केला. चांगले गुण पडले.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. नवी गाडी बनतेय. ताइनाने माझा तो बक्षीस मिळालेला अहवाल छापून भिंतीवर लावलाय. तीच आखणी, तीच पातळ नळी. ती मुलांना सांगत होती, "आखणी एक नंबर आहे. मागच्या वेळी वेल्डिंगने घात केला. या वेळी परवाना असलेला माणूस आणू, मग बघू." बाहेरून माणूस ठरवलाय. पहिली चाचणी सप्टेंबरच्या शेवटी. चालवणार कोण, तर ती स्वतः. मी म्हटलं, तुझा हात? म्हणाली, "हाताला भीती नसते गं, डोक्याला असते. एकदा बसले की जाईल."

मला म्हणाली, तू आखणी पुन्हा एकदा नजरेखालून घाल, तुझी सही लागेल. मी कागद घरी घेऊन आले आहे. समोर आहेत.

मा.

—

कोन्ताजें, २ सप्टेंबर २०१८

दादा,

परवा क्लोविस सरांच्या खोलीपर्यंत गेले. दार उघडं होतं. त्यांनी विचारलं, काही काम होतं का? मी म्हणाले, माझ्या शिफारसपत्राची तारीख विचारायची होती. त्यांनी तारीख सांगितली.

सही केलेली नाही. पण नाही म्हणूनही सांगितलेलं नाही. ताइनाला वाटतंय मी कामात आहे. काल बाहेरचा वेल्डर येऊन गेला. नळी पाहिली, मान डोलावली आणि म्हणाला, जसं कागदावर तसं करतो. कागदावर माझं नाव आहे.

बाकी लिहायला काही नाही.

—

कोन्ताजें, २३ सप्टेंबर २०१८

दादा,

सांगितलं.

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी सरांना म्हटलं, प्रयोगशाळेत येता का, काहीतरी दाखवायचंय. कॉम्प्युटरवर त्यांच्या समोर गाडी तशीच पाडली, एका चाकावर. नळी लाल झाली. सर चष्मा काढून जवळ आले. मग म्हणाले, "चांगलं शोधलंस. वेळेत शोधलंस." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

दादा, त्या क्षणी सगळं सुटलं असतं. गाडी वाचली असती, ताइना वाचली असती, आणि मीही. पुढे एक अक्षर बोलायची गरज नव्हती. मी तोंड उघडलं तोच सरांनीच विचारलं, बहुतेक सहजच:

"हे तू त्या स्पर्धेआधी पाहिलं नव्हतंस ना?"

मी म्हटलं, "पाहिलं होतं. दोन आठवडे आधी. फाइल पुसली."

त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला.

मग बाकीचंही सांगितलं. तुझी पट्टी, माझं 'नाही'. ते खुर्चीवर बसले. मला बस म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझ्या भावाला मी परवान्याचा प्रश्न विचारला. नळीचा विचारलाच नाही. त्या तुकड्याकडे मी स्वतः नीट पाहिलं असतं तर मलाही दिसलं असतं. बिनपरवान्याचा माणूस समोर होता, आमचं काम सोपं झालं." ते हे मला सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. मग मान वर न करता म्हणाले, "तू आता जा. ताइनाला आज सांग. मी नाही सांगणार, तू सांग."

ताइना कार्यशाळेत होती. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगणार होते, पण ती म्हणाली, "राहू देत. त्यांच्याच गाडीबद्दल असेल ना?" म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. ती मनगट चोळत ऐकत होती. तिची ती सवयच झालीय.

"म्हणजे माहीत असून मला बसवलंस त्यात," ती म्हणाली.

"हो."

"इस्पितळात रोज यायचीस. माझे केस विंचरून द्यायचीस."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, मी काही चुकले का. दीड वर्ष मला वाटतंय की गाडी मी वाकडी उडवली."

तिने भिंतीवरचा माझा अहवाल काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, पुढची नळी जाड घ्या, आणि तिच्या दोन्ही टोकांना तिकोनी पट्ट्या. चाचणी पुढे ढकला. मला म्हणाली, "तू आता या खोलीत येऊ नकोस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

समिती पुन्हा बसली. जुना अहवाल रद्द केला, नव्यात माझं नाव आहे आणि तुझ्या कामात दोष नव्हता असं स्पष्ट लिहिलंय. आखणीचं बक्षीस परत पाठवलं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाद झाला, वर्ष पुन्हा करायचं, संघात कधीच नाही. आपल्या गल्लीत मी स्वतः घरोघर गेले. काहींनी ऐकून घेतलं. कोपऱ्यावरचा ट्रकवाला म्हणाला, "आता सांगून काय उपयोग? पोरगा तर गेला." केस कापणाऱ्याला तू कोण तेच माहीत नव्हतं, त्यालाही सांगितलं.

आईला त्याच रविवारी सांगितलं. ती ओट्याशी पीठ मळत होती. मी सगळं बोलून संपवलं तरी तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मग ती म्हणाली, "त्याने मला सांगितलं होतं. जायच्या आदल्या दिवशी. म्हणाला, आई, तिला विचारू नकोस, ती आपणहून सांगेल."

मी विचारलं, "मग तू वर्षभर माझ्याशी बोललीस कशी?"

"सांगशील म्हणून वाट बघत होते. रोज वाटायचं, आज सांगेल. तू यायचीस, जेवायचीस आणि अभ्यासाला बसायचीस." मग पिठाचे हात पुसत म्हणाली, "मलाही तो तुझ्यामुळे दिसेनासा झालाय, मालू. हे तुझ्या कधी डोक्यात आलं का?"

नव्हतं आलं, दादा. तुझं नुकसान मी मोजत बसले होते, ताइनाचं मोजत होते. आईचं मोजलंच नव्हतं.

क्लोविस सर तुला स्वतः लिहिणार आहेत. पत्ता मी दिला.

मार्लुसिया

—

कोन्ताजें, १८ नोव्हेंबर २०१८

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात पाहिलं आणि तासभर उघडवलं नाही. आत पाच ओळी. आता त्या मला पाठ आहेत, तरी इथे उतरवते, कारण माझ्या हाताने एकदा लिहून बघायच्या आहेत.

'मालू, क्लोविस सरांचं पत्र आलं. नोकरीचं त्यांना नाही म्हणून सांग, मी इथे बरा आहे. नळी फाटली ते मला तुकडा हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. आत जायच्या आधी तू बाहेर बाकावरच मला म्हणाली असतीस की दादा, एवढं तुझ्यावर घे, तर मी घेतलं असतं, आनंदाने. तू न विचारता घेतलंस. इकडे येऊ नकोस. जांदिर.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं तर हलकं वाटलं. वाटलं, म्हणजे तू तसंही घेतलंच असतंस. इतकी मी अजून वाईट आहे, बघ. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की यापेक्षा कठोर काही तू लिहूच शकला नसतास.

त्या सकाळचा मी फार विचार केला. आत बोलावण्याआधी आपण दोघं त्या बाकावर वीस मिनिटं शेजारी बसलो होतो. तू मला कॉफी आणून दिलीस. मी तुला विचारू शकले असते. मग मला मान खाली घालावी लागली असती आणि तू ती वर उचलली असतीस, जन्मभर तेच करत आलास. पण विचारायचं म्हणजे चूक माझी आहे हे तुझ्यासमोर एकदा मोठ्याने म्हणायला हवं होतं. ते टाळायला मी तुझं दुकान, तुझी नोकरी, तुझं गाव, सगळं घेतलं.

क्लोविस सरांना तुझा निरोप दिला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की नाही म्हणाला? मग म्हणाले, बरोबरच आहे त्याचं. गेल्या महिन्यात त्यांनी मला पहिल्या वर्षाच्या वर्गापुढे उभं केलं. म्हणाले, हीसुद्धा शिक्षाच समज, पण त्यांच्या उपयोगाची. मी तो फाटलेला तुकडा बाकांवरून फिरवायला दिला आणि काय काय झालं ते सांगितलं. फाइल पुसली तेही. चाळीस मुलं होती. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "आणि वेल्डर? तो परत आला का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग त्याचं काय झालं?"

"मानाउसला बोटी जोडतो."

तिला आणखी विचारायचं होतं, पण सरांनी तास संपवला.

ताइनाने परवा नवी गाडी चालवली. मी कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. गाडी जड आहे, उडते कमी. ताइना उंचवट्यावरून अकरा वेळा गेली. बाराव्यांदा मुद्दाम एका चाकावर पाडली असावी, मला तसंच वाटलं. काही झालं नाही. उतरून तिने हेल्मेट काढलं आणि गाडीच्या नाकावर नुसता तळहात ठेवून उभी राहिली. तिने मला पाहिलं की नाही ते माहीत नाही. मी हात केला नाही.

आईला डिसेंबरात तुझ्याकडे धाडतेय. सुट्टी मिळालीय तिला, तिकीट काढलंय. विमानात पहिल्यांदाच बसणार म्हणून भ्यायलीय, आणि 'तू सोबत चल' म्हणून माझ्या मागे लागलीय. मी तिला तुझी शेवटची ओळ वाचून दाखवली. मी येणार नाही, दादा. तू नको म्हणालास, तर नाही.

आता एक विचारायचंय. आजवर तुझ्याकडून मी घेतच आले, विचारलं कधी नाही, म्हणून हे नीट विचारते, आणि नाही म्हणायला तुला पूर्ण मोकळीक आहे. उत्तर आईजवळ सांगितलंस तरी चालेल, एका शब्दात.

मी तुला लिहीत राहू का?

मालू